रात्री मालवणात कोण कोण येतं?

मालवण म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय उभं राहतं? समुद्रातला सिंधुदुर्ग किल्ला, तारकर्लीची मऊ वाळू, सोलकढी, मालवणी खाजं आणि बंदरावर डुलणाऱ्या होड्या. हे झालं बघायचं आणि खायचं मालवण. आज आपण मालवणला जाणार आहोत ते मात्र बघायला नव्हे, ऐकायला!

सोबत एकच वस्तू घ्यायची. आजोबांच्या फळीवर धूळ खात पडलेला ट्रान्झिस्टर. त्यावर 'एएम' किंवा 'मीडियम वेव्ह' असा पट्टा हवा. नुसत्या एफएमचा रेडिओ इथे उपयोगाचा नाही. का, ते पुढे कळेलच.

आणि आपण जायचं ते १९९० च्या दशकातल्या मालवणात. तेव्हा घराघरांत रेडिओ होता आणि मीडियम वेव्हची केंद्रं अगदी भरात होती. पुढे आकाशवाणीनं असे अनेक जुने प्रक्षेपक बंद केले. म्हणून आधी तेव्हाच्या मालवणात फिरू आणि मग आजच्या मालवणात परत येऊ. चला तर!

दुपार : फक्त शेजारी

दुपारचे तीन वाजलेत. चिवला किनाऱ्यावर माडाच्या सावलीत बसा आणि रेडिओचं बटण हळूहळू फिरवा. किती केंद्रं लागतात? अगदी थोडी. उत्तरेकडचं रत्नागिरी केंद्र लागतं. सरळ रेषेत ते इथून सुमारे १०५ किलोमीटरवर. हे केंद्र १९७७ साली सुरू झालं, तेव्हा मालवणही रत्नागिरी जिल्ह्यातच होतं, बरं का! सिंधुदुर्ग हा वेगळा जिल्हा झाला १ मे १९८१ रोजी. दक्षिणेकडून गोव्याचं पणजी केंद्र लागतं, सुमारे ७५ किलोमीटरवरचं. बाकी पट्ट्यावर नुसती खरखर.

आता एक कोडं. पुणे मालवणपासून सरळ रेषेत सुमारे २७५ किलोमीटर आणि मुंबई सुमारे ३४० किलोमीटर. म्हणजे पुणं जवळ. तरीही मालवणच्या किनाऱ्यावर भर दुपारी पोचायची जास्त शक्यता मुंबई 'ब' केंद्राची. असं का बरं?

उत्तर तुमच्या पायांशी आहे. समुद्र!

मीडियम वेव्हची लाट दिवसा जमिनीला चिकटून सरपटत जाते. जाता जाता जमीन तिची ताकद खाऊन टाकते. कोरडी, खडकाळ जमीन फार खाते. खारट पाणी मात्र विजेचं उत्तम वाहक. कोरड्या खडकाळ जमिनीच्या सुमारे हजारपट! त्यामुळे समुद्रावरून जाणारी लाट फारशी दमत नाही. पुण्याहून येणाऱ्या लाटेला सह्याद्रीचे डोंगर तुडवत यावं लागतं. मुंबईची लाट किनाऱ्याकाठानं, पाण्यावरून येते. शिवाय मुंबई 'ब'चा आकडा होता ५५८ आणि पुण्याचा ७९२. आकडा जितका लहान तितकी लाट लांब, आणि लांब लाट जमिनीवर कमी झिजते.

म्हणूनच रत्नागिरी केंद्र होडीतल्या माणसाला जितकं स्पष्ट ऐकू यायचं, तितकंच अंतर घाटावर गेलेल्या माणसाला यायचं नाही. मच्छीमारांवर समुद्राची ही एक मेहरबानीच म्हणायची.

आकड्यांची गंमत

हे ५५८ आणि ७९२ म्हणजे काय? ते किलोहर्ट्झ. रत्नागिरीचा आकडा ११४३. याचा अर्थ तिथल्या मनोऱ्यातून दर सेकंदाला ११ लाख ४३ हजार लाटा निघायच्या! त्यातली एकेक लाट सुमारे २६२ मीटर लांब. आणि ताकद २० किलोवॅट.

आता वही घ्या आणि हे आकडे लिहा. मुंबई 'ब' ५५८, पुणे ७९२, मुंबई 'अ' १०४४, रत्नागिरी ११४३, पणजी १२८७. प्रत्येकातल्या अंकांची बेरीज करून बघा. ५+५+८ किती? १८. ११४३ ची? ९. प्रत्येक वेळी ९ नाहीतर १८! म्हणजे हे सगळे आकडे ९ च्या पाढ्यातले आहेत.

ही जादू नाही, करार आहे. १९७५ साली जिनिव्हात अनेक देशांच्या प्रतिनिधींनी बसून मीडियम वेव्हच्या जागांची वाटणी केली. २३ नोव्हेंबर १९७८ पासून ती अमलात आली. आशिया, आफ्रिका, युरोप आणि ऑस्ट्रेलिया या सगळ्यांनी दर ९ किलोहर्ट्झवर एक जागा ठेवायची असं ठरलं. अमेरिकेत ही जागा दर १० किलोहर्ट्झवर असते.

५३१ पासून १६०२ पर्यंत ९-९ च्या उड्या मारत जा. किती जागा होतात? मोजून बघा : १२० फक्त. आणि एकट्या भारतातच मीडियम वेव्हचे शंभराहून अधिक प्रक्षेपक होते! मग अरबस्तान, इराण, चीन, श्रीलंका यांनी कुठे बसायचं?

एकाच बाकावर दोघातिघांनी बसायचं, दुसरं काय! अट एवढीच की बाक एक असला तरी माणसं एकमेकांपासून दूरच्या गावची हवीत. म्हणजे एकाचं दुसऱ्याला ऐकू जाणार नाही आणि भांडण होणार नाही.

दिवसा ही व्यवस्था छान चालते. गडबड होते ती सूर्य मावळल्यावर.

तिन्हीसांज : आभाळातला आरसा

डिसेंबरात मालवणला सूर्य सहाच्या सुमारास बुडतो. बंदराच्या धक्क्यावर उभं राहिलं की सिंधुदुर्गाचा तट काळा होत जातो आणि मागचं आभाळ केशरी. सगळे तिकडे बघत असतात. आपण रेडिओकडे लक्ष देऊ. दुपारी जिथे नुसती खरखर होती, तिथे आता कुजबुज सुरू झालीय. कुणीतरी बोलतंय. भाषा कळत नाही. पुढच्या आकड्यावर गाणं लागलंय, तेही अनोळखी.

हे पाहुणे कुठून आले?

आपल्या डोक्यावर, ६० किलोमीटरपासून पुढे शेकडो किलोमीटरपर्यंत, आयनांबर नावाचं आवरण आहे. सूर्याची तीव्र किरणं तिथल्या हवेच्या कणांमधून इलेक्ट्रॉन उडवून लावतात. या मोकळ्या इलेक्ट्रॉनांचे थर बनतात. वरच्या थरांचा गुण आरशासारखा. रेडिओची लाट त्यांच्यावर आपटून पुन्हा पृथ्वीकडे वळते. पण त्यांच्याखाली, ६० ते ९० किलोमीटर उंचीवर, एक खादाड थर असतो. त्याला शास्त्रज्ञ 'डी' थर म्हणतात. दिवसा आभाळाकडे निघालेली मीडियम वेव्हची लाट या 'डी' थरातच जिरून जाते. आरशापर्यंत पोचतच नाही!

सूर्य मावळला की 'डी' थरातले इलेक्ट्रॉन भराभर पुन्हा कणांना चिकटतात. तिथली हवा वरच्या थरांपेक्षा दाट, त्यामुळे चिकटायला वेळ लागत नाही. वरच्या थरांतली हवा अगदी विरळ, म्हणून ते रात्रभर टिकतात. म्हणजे काय झालं? आरशापुढचा जाड पडदा बाजूला झाला. आता आभाळाकडे निघालेली लाट आरशावर आपटते आणि शेकडो, कधी हजार-दीड हजार किलोमीटर दूर जाऊन उतरते.

हा आरसा खरोखर आहे हे सिद्ध केलं एडवर्ड अ‍ॅपलटन या इंग्रज शास्त्रज्ञानं. त्यानं १९२४ साली बीबीसीच्या बोर्नमथ केंद्राच्या लाटा ऑक्सफर्डला पकडल्या आणि आभाळातून परतणारी लाट किती उंचीवरून येते ते मोजलं. त्याला १९४७ चं नोबेल पारितोषिक मिळालं. आपल्याकडे कोलकात्यात शिशिरकुमार मित्रा यांनी याच आयनांबराचा अभ्यास केला. या विषयावरचा त्यांचा मोठा ग्रंथही १९४७ चाच.

तिन्हीसांजेला आणखी एक गंमत दिसते, म्हणजे ऐकू येते. पाहुणे एकदम येत नाहीत, ओळीनं येतात. आधी पूर्वेचे. कोलकाता, चेन्नई, श्रीलंका. कारण तिथे आपल्याआधी अंधार होतो. पश्चिमेकडच्या ओमानमध्ये अजून ऊन असतं. भूगोलात शिकलात ना, एका रेखांशाला ४ मिनिटं? ओमानचं मसिरा बेट मालवणच्या पश्चिमेला जवळजवळ १५ रेखांश आहे. म्हणजे तिथला सूर्य सुमारे एक तास उशिरा बुडतो. आखातातले आवाज त्यानंतर जोर धरतात. हातातला ट्रान्झिस्टर आपल्याला पृथ्वी फिरतेय हे ऐकवत असतो!

रात्र : आंगणेवाडीची जत्रा

रात्रीचे नऊ वाजले. आता बटण फिरवा. बापरे! पट्टाभर गर्दी. अरबी, फारसी, तमिळ, सिंहली, बंगाली, हिंदी. मालवणीत सांगायचं तर, दिवसाचो रेडिओ आपलो, रातचो साऱ्या जगाचो!

ओमानच्या त्या मसिरा बेटावर बीबीसीचं एक केंद्र होतं. आकडा १४१३. (बेरीज करा : ९!) तिथून मालवणपर्यंत सुमारे १६०० किलोमीटर, आणि मध्ये नुसता अरबी समुद्र. २००२ साली हे केंद्र बेटावरून ओमानच्या मुख्य भूमीवर हलवलं गेलं.

ऐकायला मजा वाटते ना? पण थांबा. आता ११४३ वर या. आपलं रत्नागिरी. दुपारी कसं स्वच्छ ऐकू येत होतं! आता त्याच्या आवाजामागे दुसराच आवाज कुरकुरतोय. मध्येच शिट्टी वाजल्यासारखं होतंय. रत्नागिरीचा प्रक्षेपक मंदावला का? मुळीच नाही. तो तितक्याच जोरानं बोलतोय.

मालवण तालुक्यात मसुरे गावच्या आंगणेवाडीला भराडी देवीची जत्रा भरते. मुंबईहून चाकरमानी येतात, लाखोंची गर्दी होते. एरवी वाडीत दहा पावलांवरच्या मित्राला हाक मारली तर तो लगेच वळून बघतो. जत्रेत तीच हाक तितक्याच जोरानं मारा. ऐकू जाईल? तुमचा आवाज कमी झालेला नाही. गर्दी वाढलीय. रात्री मीडियम वेव्हचं तसंच होतं. जवळचं केंद्र जिथवर स्वच्छ ऐकू जातं ते वर्तुळ रात्री आकसतं, आणि त्याच वेळी त्याचा अर्धवट आवाज मात्र कुठल्या कुठे जाऊन पोचतो. आपल्याला नको असलेला आवाज दुसऱ्या कुणाचा तरी हवासा आवाज असतो, आणि आपलं रत्नागिरीही कुणाच्या तरी गावात असाच त्रास देत असतं!

११४३ या बाकावर रत्नागिरीबरोबर आकाशवाणीचंच आणखी एक केंद्र बसलेलं होतं. हरियाणातलं रोहतक. त्याचीही ताकद २० किलोवॅट. मालवणपासून साडेचौदाशे किलोमीटर दूर. दिवसा दोघांची गाठ पडायची शक्यताच नव्हती. रात्री मात्र आभाळातला आरसा त्यांची गाठ घालून द्यायचा.

आणि शिट्टी कशामुळे? दोन केंद्रांचे आकडे अगदी तंतोतंत जुळले नाहीत, किंवा शेजारच्या बाकावरचं केंद्र फार जोरात येऊ लागलं, की दोन लाटांमधला फरक स्वतःच एक सूर होऊन वाजतो. शेजारच्या दोन बाकांत ९ किलोहर्ट्झचा फरक असतो, म्हणून ती शिट्टी फार बारीक, कानात घुसणारी असते.

कधी कधी तर केंद्र स्वतःशीच भांडतं! मुंबईची एक लाट समुद्रावरून सरपटत येते आणि दुसरी आभाळातून उडी मारून. आभाळातली वाट लांबची, म्हणून ती जरा उशिरा पोचते. दोघी जुळल्या तर आवाज मोठा, उलट्यासुलट्या पडल्या तर आवाज गायब. आरसाही स्थिर नसतो, हलत राहतो. त्यामुळे आवाज भरती-ओहोटीसारखा येतो आणि जातो.

'नये' हे दोन अक्षरी शब्द

आता तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात? गाणं नीट लागलं नाही तर बटण फिरवायचं.

गाण्याचं ठीक आहे हो. पण मालवणच्या किनाऱ्यावर रेडिओ फक्त गाण्यांसाठी नव्हता. किनाऱ्यावरच्या आकाशवाणी केंद्रांवरून हवामान खात्याचा मच्छीमारांसाठीचा इशारा लोकांच्या भाषेत सांगितला जातो. वारा किती वाहील, समुद्र खवळेल का, होड्या घालाव्यात की नाही. बंदरावर धोक्याचा बावटा लावतात खरा, पण तो दिसतो बंदराजवळच्यांना. देवबागच्या टोकाला राहणाऱ्याला, किंवा आदल्या दिवशीच समुद्रात गेलेल्या होडीला बावटा कसा दिसणार? त्यांच्यापर्यंत पोचायचा तो रेडिओ.

कल्पना करा. रात्र आहे, होडी किनाऱ्यापासून पुष्कळ आत आहे. कंदिलाच्या उजेडात रेडिओ कानाशी धरलाय. 'मच्छीमारांनी समुद्रात जाऊ...' आणि नेमकी शिट्टी! पुढचा शब्द 'नये' होता की आणखी काही? दोन अक्षरांचा शब्द, पण त्यावर सबंध घर अवलंबून.

समुद्र काय करू शकतो हे या किनाऱ्यानं पाहिलंय. ११ नोव्हेंबर २००९ रोजी 'फयान' चक्रीवादळ अलिबाग आणि मुंबईच्या दरम्यान किनाऱ्यावर आलं. समुद्रात असलेल्या कोकणातल्या अनेक मच्छीमारांचे प्राण गेले. वादळाची बातमी वेळेवर, स्पष्ट आणि आपल्या भाषेत पोचणं म्हणजे काय, ते अशा दिवशी कळतं.

मग गर्दीतून आपलं केंद्र वेगळं काढायचं कसं? त्याला एक युक्ती आहे. साध्या ट्रान्झिस्टरच्या पोटात, त्याच्या लांब बाजूला समांतर, एक काळी कांडी असते. तिच्यावर तांब्याची बारीक तार गुंडाळलेली असते. मीडियम वेव्ह पकडते ती ही कांडी, बाहेर ओढायची चकचकीत काडी नव्हे! कांडीच्या दोन टोकांच्या दिशेनं येणारा आवाज तिला जवळजवळ ऐकू येत नाही. आडव्या अंगानं येणारा मात्र छान ऐकू येतो.

मालवणला रत्नागिरी उत्तरेला आणि आखात पश्चिमेला. म्हणजे रेडिओचं तोंड उत्तरेकडे करा. कांडीचं टोक आपोआप समुद्राकडे वळतं, आखातातले आवाज बरेच दबतात आणि रत्नागिरी वर येतं. केंद्राकडे तोंड करून ऐकायचं, हा सोपा नियम. आभाळातून उतरणारी लाट पूर्ण दबत नाही, पण फरक कळतो. अडचण फक्त रोहतकची. तेही मालवणच्या उत्तरेलाच! तिथे ही युक्ती हात टेकते.

कुणाचा त्रास, कुणाची मजा

एकच गोष्ट एकाला त्रास आणि दुसऱ्याला आनंद देते, ती अशी. मच्छीमाराला जवळचा आवाज हवा. पण ज्या घरातला मुलगा मुंबईला नोकरीला आहे, त्या घराला रात्री लागणारं मुंबई केंद्र हवंहवंसं वाटणार. मुलगा आणि आई एकाच वेळी एकच श्रुतिका ऐकू शकायची, तो तिकडे, ती इकडे. त्या काळी पत्र पोचायला दिवस लागायचे आणि फोन गावात एखादाच!

तुमच्या आजी-आजोबांना 'बिनाका गीतमाला' विचारा. अमीन सयानींचा हा कार्यक्रम १९५२ साली रेडिओ सिलोनवर, म्हणजे श्रीलंकेतून सुरू झाला. मालवणपासून कोलंबो सुमारे १२०० किलोमीटर. तो यायचा शॉर्टवेव्हवर. शॉर्टवेव्ह अधिक चपळ, ती दिवसाही 'डी' थर ओलांडून आरशापर्यंत पोचते.

वेगवेगळ्या देशांनी या रात्रीच्या आरशाशी वेगवेगळं जमवून घेतलं. अमेरिकेत अनेक केंद्रांना सूर्यास्तानंतर आपली ताकद कमी करावी लागते, काहींना तर प्रक्षेपणच थांबवावं लागतं. दूरच्या केंद्रांना त्रास होऊ नये म्हणून. आपल्याकडे याच्या नेमका उलटा प्रयोग झाला, तोही महाराष्ट्रात! १८ मे १९८८ रोजी नागपूरहून आकाशवाणीची राष्ट्रीय वाहिनी सुरू झाली. आकडा १५६६ आणि ताकद १००० किलोवॅट, म्हणजे रत्नागिरीच्या ५० पट. ती संध्याकाळी सुरू व्हायची आणि सकाळी संपायची. का? कारण नागपूर देशाच्या मध्यावर, आणि रात्री आरसा उघडला की तिथून उडालेली लाट देशाच्या कानाकोपऱ्यांत उतरायची. मालवण तिथून ८०० किलोमीटरहून दूर, तरी तिच्या वर्तुळात! जो आरसा इतरांना डोकेदुखी वाटत होता, त्यालाच कामाला लावलं. डिसेंबर २०१८ मध्ये ही सेवा बंद करण्याचा निर्णय झाला.

आंबोलीच्या रानातला आवाज

लाटेला सीमा कळत नाही, ही गोष्ट सिंधुदुर्ग जिल्ह्यानं फार पूर्वी पाहिलीय. मालवणहून सावंतवाडीला जा आणि घाट चढून आंबोलीला पोचा. पाऊस, धुकं आणि धबधब्यांचं गाव. इथल्या रानातून २५ नोव्हेंबर १९५५ रोजी एक गुप्त रेडिओ केंद्र बोलू लागलं. तेव्हा गोव्यावर पोर्तुगीजांची सत्ता होती. वृत्तपत्रांवर बंधनं होती, सीमा बंद होती. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो हे दोघं रानात राहून कोकणी आणि पोर्तुगीज भाषांमधून गोव्याच्या लोकांना खऱ्या बातम्या सांगत. पुढे हे केंद्र कॅसलरॉकच्या रानात हललं आणि १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त होईपर्यंत चालू राहिलं. मुक्तीची बातमी तर त्यांनी विमानातून ध्वनिक्षेपकावर सांगितली! या दोघांनी पुढे लग्न केलं. लिबिया लोबो सरदेसाई यांना २०२५ साली पद्मश्री जाहीर झाली.

सीमेवर पहारेकरी माणसाला अडवू शकतो, वर्तमानपत्र जप्त करू शकतो. लाटेला कसा अडवणार? रात्री मालवणात न विचारता शिरणाऱ्या आवाजांचा हा दुसरा चेहरा.

पहाट आणि आजचं मालवण

पहाटे पाहुणे परत जातात, तेही ओळीनं. पूर्वेला आधी उजाडतं, म्हणून कोलकाता आधी गप्प होतं. आखातातले आवाज सर्वांत शेवटी विरतात. रापणीची जाळी ओढायला माणसं किनाऱ्यावर जमेपर्यंत ११४३ पुन्हा स्वच्छ झालेलं असतं.

आता आपण आजच्या मालवणात येऊ. मीडियम वेव्हची गर्दी पूर्वीपेक्षा पुष्कळ ओसरलीय. एफएम आलं. एफएमची लाट आभाळातल्या आरशातून सहसा आरपार निघून जाते, त्यामुळे रात्री पाहुण्यांचा त्रास नाही. पण ती डोंगराआड फारशी पोचत नाही आणि दूरवर जात नाही. मोबाइलवर वादळाचे संदेश येतात, पण खोल समुद्रात मोबाइलला मनोरा कुठला? म्हणून २०१९ साली मच्छीमारांसाठी 'जेमिनी' नावाचं छोटं यंत्र आलं. ते उपग्रहावरून इशारा घेतं. उपग्रहाच्या लाटा तर फारच बारीक, त्या आयनांबरातून सरळ खाली उतरतात. त्यांना दिवस-रात्र सारखीच.

मग जुना ट्रान्झिस्टर टाकून द्यायचा? घाई करू नका. मे २०२१ मध्ये 'तौक्ते' वादळ या किनाऱ्याला घासून गेलं तेव्हा झाडं पडली, तारा तुटल्या, मालवण परिसरात दिवसच्या दिवस वीज नव्हती. वीज नसली की मोबाइलची बॅटरी किती टिकते? दोन सेलवर चालणारा रेडिओ अशा वेळी आठवडेच्या आठवडे सोबत करतो.

शिवाय त्याच्यावर एक प्रयोग करता येतो. सुट्टीत गावी गेलात की करून बघा. वहीत तीन रकाने आखा : वेळ, आकडा, भाषा. दुपारी एकदा पट्टा फिरवून काय ऐकू येतं ते लिहा. मग सूर्य बुडायच्या अर्धा तास आधी बसा आणि दर दहा मिनिटांनी लिहीत जा. घरातले एलईडी दिवे आणि मोबाइलचे चार्जर बंद ठेवा, तेही खरखर करतात. शक्य असेल तर अंगणात बसा. मे महिन्यात बसलात तर मध्येच 'कडक्!' असा आवाज येईल. ती दूर कुठेतरी चमकलेली वीज. तुम्हाला ढग दिसण्याआधी रेडिओला ती कळलेली असते!

आकडे ९ च्या पाढ्यात बसतात का ते तपासा. एखादा आवाज नको असेल तर रेडिओ हळूहळू फिरवा आणि तो दबतो का बघा. दबला, की कांडीचं टोक कोणत्या दिशेला आहे ते नकाशावर पेन्सिलीनं काढा. तुमचा अनोळखी पाहुणा त्याच रेषेवर कुठेतरी राहतो.